पलंगाखालचा फासा

रविवार, संध्याकाळ. माजरी.

आज उमेश महिनाभरानं खेळायला आला. त्याच्या आईला मोहफुलं वेचताना वाघानं नेलं, त्यानंतर पहिल्यांदाच. दर रविवारी गोष्ट मी सांगतो, बाकीचे तिघं आपापलं पात्र खेळतात, आणि कोणाचं काय होईल ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आज मुद्दाम मी जंगलात नुसते दरोडेखोर ठेवले होते.

उमेशनंच विचारलं, "काऊन बे, जंगलात वाघ नाई? टाक ना."

टाकला. कशाला टाकला मी? गोष्टीतल्या एका म्हातारीला वाघानं धरलं. उमेश म्हणाला, "मी जोऱ्यानं ओरडतो. सोडते का तिले?" त्यानं फेकलेला फासा पलंगाखाली गेला. मी वाकून पाहिलं. तीन. म्हणजे काहीच उपयोग नाही. मी फासा मुठीत घेतला आणि म्हणालो, "वीस! पळाला वाघ. वाचली ते."

दोघांनी टाळ्या वाजवल्या. उमेशनं नाही वाजवल्या. तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी तिथीच होतो. माह्या तोंडातून आवाजच निघाला नाई."

चप्पल घालून निघून गेला.

त्याला बरं वाटावं म्हणून बोललो, आणि सांगून काय बसलो? ओरडला असता तर आई वाचली असती, हेच ना? तीन पडले होते. ओरडूनही काही झालं नसतं. आता हे सांगायला गेलो तर तो म्हणेल, लबाड बोलून राह्यला बे तू.