पस्तीस मीटर पाइप

३ फेब्रुवारी २०२५
दादा गेला. सकाळी साडेसातला. चहा अर्धा तसाच.

६ फेब्रुवारी
माणसं भेटायला येतात. सगळ्यांना दादाचं एकच आठवतं — पाइप! तेरा वर्षं झाली. विहिरीपासून मोसंबीपर्यंत पाइप न्यायचा होता. मोजणीच्या कागदावर अंतर ०.३५ किलोमीटर. दादाने आणला ३५ मीटर. ज्वारीतच संपला. तिथे तळं साचलं, मोसंबी कोरडी. अजून त्या जागेला 'भगवानरावचं धरण' म्हणतात.

आज चुलतभाऊ रामेश्वर ओट्यावर सांगत होता, "दादा चौथी पास. त्याला मीटर काय अन् किलोमीटर काय, सारखंच!" लोक हसले. सुतकात! मीही मान हलवली.

हिशोब माझा होता. मी बारावी सायन्स. त्या दिवशी सुंदरराव मला बघायला आले होते, मुलीसाठी. त्यांच्यासमोर ऐटीत तोंडी सांगितलं — पस्तीस मीटर! एक शून्य खाल्लं. "पोरगं हुशार हाय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दादा त्यांनाच सोबत घेऊन वडवणीहून पाइप घेऊन आला. आज ते माझे सासरे.

दादाने माझं नाव कधी घेतलं नाही. मीही नाही.

९ फेब्रुवारी
वहिनींना सांगायचं ठरवलं. "भावजी, दोन घास खावा," म्हणाल्या. जेवलो. सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी
दहावा. नदीवर पिंड ठेवला. कावळा समोर बाभळीवर. शिवेना!

"तुझ्या पोरीचं, करिष्माचं लगीन थाटात करू!" — नाही. "विमलवहिनीला नारायणगडाला दर्शनाला नेऊ!" — नाही. रामेश्वर म्हणाला, "तंबाखू ठिवा बे!" ठेवली. कावळ्याने पाठ फिरवली. दीड तास. गुरुजी घड्याळ बघायला लागले. "दर्भाचा कावळा करू. मला अजून एक दहावा हाय."

वहिनी रडायला लागल्या. "काय राह्यलं वो तुमचं? कावून असं करता?"

मी उठलो. हात जोडले. "दादा, ०.३५ किलोमीटर म्हणजे साडेतीनशे मीटर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कावळाही.

"ह्या राधाला काय झालं बे?"

"पस्तीस मी सांगितले होते. चूक माझी. दादाची नाही."

कावळा खालच्या फांदीवर आला!

"आला, आला!" रामेश्वर ओरडला. "थांबू नको! सेंटिमीटरमधी सांग!"

"पस्तीस हजार सेंटिमीटर."

कावळा जमिनीवर. पिंडापासून दोन हात.

"मिलिमीटर! मिलिमीटर!" — हे गुरुजी!

"साडेतीन लाख मिलिमीटर!"

शिवला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला! सासरे सुंदरराव खाली बघत होते.

१३ फेब्रुवारी
झोप लागली. दहा दिवसांनी.

१५ फेब्रुवारी
मोटार चालू करायला विहिरीवर गेलो. खोलीच्या दाराआड, भिंतीवर दादाचं अक्षर. पेन्सिलीचं. तारीख पाइप आणायच्या आदल्या दिवसाची —

'०.३५ किमी = ३५० मी. राधा ३५ म्हणाला. सुंदररावांसमोर ३५च घेणे. बाकी ३१५ लग्न झाल्यावर.'