एनॉकचं एकुलतं एक मत

पार्ट्रिज हिल, व्हरमाँट
१५ नोव्हेंबर १९३६

तीर्थस्वरूप केझायाताईस,

धाकट्या होजियाचा नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तूही तिकडे मेनमध्ये ठीक असशील असं धरून चालतो, कारण नसतीस तर तक्रारीचं पत्र एव्हाना आलं असतं. गुडघ्यांना कसलं तेल लावतेस ते मात्र जरूर कळव. माझा उजवा गुडघा हल्ली जिना दिसला की कुरकुरायला लागतो. तुझ्या भावजयीची, लव्हिनाची, तब्येत उत्तम आहे आणि जीभ त्याहून उत्तम. थंडी पडली आहे, तळं काठाकाठानं गोठलं आहे, गाईंनी दूध कमी केलं आहे. (याचा निवडणुकीशी काहीही संबंध नाही. दुकानातल्या स्टोव्हभोवती बसणारी मंडळी तसं म्हणतात, पण ती मंडळी काहीही म्हणतात.)

निकाल तुला माहीतच आहे. अख्खा देश डेमोक्रॅट रूझवेल्टच्या मागे गेला आणि आपल्या रिपब्लिकन लँडनसाहेबांच्या पदरात दोनच राज्यं पडली, एक तुमचं आणि एक आमचं. दुकानातल्या रेडिओवर एकेक राज्याचं नाव येत होतं तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. ओहायो गेलं, पेनसिल्व्हेनिया गेलं, खुद्द लँडनसाहेबांचं कॅन्ससही गेलं. तुला वाटेल की गावात सुतकी कळा आली असेल. तसं काही झालं नाही. दुकानदारानं स्टोव्हमध्ये एक लाकूड सारलं आणि म्हणाला की बाकीच्या सेहेचाळीस राज्यांचं चुकलं आहे, पण माणसाला सुधारायला वेळ द्यावा लागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. आपण हरलो असं इथे अजून कुणाला वाटत नाही. देश हरवला आहे, सापडेल, अशी एकंदर भावना आहे.

पण मी लिहायला बसलो ते देशाबद्दल नाही, एनॉकबद्दल. आपल्या कुंपणापलीकडचा एनॉक बार्टलेट, त्याला तू विसरणं शक्य नाही. आपलं गाव आजोबांच्या वेळेपासून सगळंच्या सगळं रिपब्लिकन, आणि एनॉकचं घर तेवढं डेमोक्रॅट. (त्याच्या आजोबांचं कुंपणाच्या दगडांवरून गावच्या पंचांशी वाजलं होतं. पंच रिपब्लिकन होते. याहून खोल कारण मला तरी सापडलेलं नाही.) आता त्या घरात तो एकटाच उरला आहे. बायको गेली, मुलगी कनेटिकटात. निकाल वाचताना आपला टाऊन क्लार्क ऑर्विल जूएट त्या बाजूचा आकडाही वाचत नाही. आपली मतं किती ते सांगतो आणि मग म्हणतो, "आणि एनॉक." पाहुणे आले की गावकरी त्यांना लाकडी छपरानं झाकलेला पूल दाखवतात, चर्चची घंटा दाखवतात आणि एनॉक रस्त्यात भेटला तर एनॉकही दाखवतात. मनात खरं म्हणजे सगळ्यांना त्याचा अभिमानच आहे. शेजारच्या गावात असा एकही नाही.

आणि आमची पैज तर तुला ठाऊकच आहे. एकविशी गाठून पहिलं मत दिलं तेव्हापासून दर निवडणुकीला तीच. ज्याचा माणूस हरेल त्यानं दुसऱ्याला एकचाकी ढकलगाडीत बसवून चर्चपासून गावचं दूध जमा होतं त्या क्रीमरीपर्यंत गावासमोर ढकलत न्यायचं. (गाडी शेण वाहायचीच असते, पण त्या दिवशी धुतो.) पैशांच्या पैजा आपल्या चर्चला चालत नाहीत, ढकलगाडीबद्दल बायबलात काही म्हटलेलं नाही.

तर निवडणुकीच्या आधीच्या शनिवारी हा शहाणा गोठ्याच्या माळ्यावर गवत काढायला चढला आणि शिडीसकट खाली आला. पाय मोडला. डॉक्टरनं मांडीपर्यंत प्लास्टर चढवलं आणि जमिनीला पाय लावायचा नाही म्हणून बजावलं. आजारी माणसाला घरबसल्या मत देता येतं म्हणतात, पण त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो, आणि पाय मोडणार हे एनॉकला आधी कुणी कळवलं नव्हतं. त्याच्या गाई मी पिळू लागलो. उपकार म्हणून नाही, त्याच्या गाई पिळायच्या राहिल्या की इतक्या ओरडतात की माझ्या गाई बिथरतात. सोमवारी संध्याकाळी दूध ठेवायला आत गेलो तर हा उताणा पडून छत बघतोय.

"उद्या ऑर्विल माझ्या जागी शून्य म्हणेल," तो म्हणाला. "आजोबांपासून कधी झालं नाही, होजिया."

"तुझ्या एका मतावाचून तुझा पक्ष बुडत नाही," मी म्हणालो.

"पक्षाचं जाऊ दे रे. गावात एकानं तरी नाही म्हणायला हवं. नाहीतर तुम्ही सगळे हो म्हणालात हे कळणार कसं?"

मी त्याला गोळी घे म्हटलं आणि घरी आलो. पण ताई, ते शून्य काही केल्या डोक्यातून जाईना.

मंगळवारी सकाळी लव्हिना नवी टोपी घालून टाऊन हॉलला गेली. (यंदा ती मोजणीच्या टेबलावर होती, म्हणून टोपी.) मीही सकाळीच जाणार, तर एनॉकची पट्टेरी गाय व्यायला लागली आणि वासरू आडवं. दिवसभर मी त्याच्या गोठ्यात. वासरू निघालं, गाय वाचली, माझे हात कोपरापर्यंत आयोडीनचे झाले. साबणानं घासले तरी अंगठा तपकिरी तो तपकिरीच राहिला. कपडे बदलून मी दगडी कुंपणाच्या मागच्या वाटेनं हॉल गाठला तेव्हा ऊन उतरलं होतं.

आता जे लिहितो ते वाच आणि पोटात ठेव. पडद्याच्या आड गेलो, दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली, आणि हात चाळीस वर्षं जिथे जातो तिथेच गेला. लँडनसाहेबांसमोर फुली मारली. मारली आणि डोळ्यांसमोर ऑर्विल उभा राहिला, तोंडाचं शून्य करून. मी ती फुली अंगठ्यानं खसाखसा पुसली आणि दुसऱ्या जागी, एनॉकच्या माणसासमोर, नवी मारली. घडी घातली, पेटीत टाकली, आणि तळघरात चर्चच्या बायकांनी मांडलेले भाजलेले बीन्स खायला गेलो, कारण कुठेतरी तोंड लपवायला हवं होतं. बाबांची तसबीर बैठकीत आहे. मी हल्ली स्वयंपाकघरातच बसतो.

बीन्स खाऊन वर आलो तर स्टोव्हशेजारी एनॉक! त्याच्याच स्वयंपाकघराच्या दारावर आडवा, अंगावर घोंगडी, डोक्यावर टोपी. झालं असं की दुधाची मोटार चालवणारा मायरन त्याच्याकडे कॅन न्यायला आला आणि बोलताबोलता म्हणाला की होजिया काही दिवसभर हॉलवर दिसला नाही. त्याबरोबर एनॉकनं त्याला दार बिजागरीतून काढायला लावलं, त्यावर स्वतःला घालायला लावलं, आणि कॅनच्या मधोमध बसून, म्हणजे पडून, हजर झाला. मी तळघरात असतानाच त्याचं मत देऊनही झालं होतं. माझं एक आणि त्याचं एक, पेटीत आता दोन निघणार, आणि मग हा दुसरा गद्दार कोण म्हणून गाव घराघरात शोधत फिरणार.

"तू मत दिलंस?" एनॉकनं मला विचारलं.

"दिलं," मी म्हणालो.

त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं पाय दुखतोय.

मोजणी झाली. ऑर्विलनं चष्मा पुसला आणि वाचलं. एक मत बाद. (दर वेळी कुणीतरी चष्मा विसरून येतो. सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्यानं.) बाकी सगळी लँडनसाहेबांना. "आणि एनॉक." बस्स. एकच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोडक्या पायानं मत द्यायला आला म्हणून त्याच्या प्लास्टरवर थापा मारल्या. मी मात्र बाकावर बसून हिशेब करत होतो. ते एक तर माझं. मग एनॉकचं कुठे गेलं? मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, टाळ्यांकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या लँडनसाहेबांना मत दिलं होतं, ताई, आणि त्यालाही कळलं होतं की त्याचं म्हणून वाचलेलं मत त्याचं नाही.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. भांडण नाही, काही नाही. मी दोन्ही वेळा दूध काढायचो, त्याच्या पलंगावर चेकर्सचा डाव मांडायचो, आणि आम्ही दोघं सोंगट्या सरकवायचो. तो बोलला तर त्याच्या तीन पिढ्या बाटणार, मी बोललो तर माझ्या. साठीच्या घरात नवा शेजारी मिळत नाही. त्या शांततेत मला फार एकटं वाटलं, हे तुलाच सांगतो.

शनिवारी ढकलगाडीचा दिवस. देशाचा निकाल त्याच्या बाजूनं, तेव्हा त्यानं बसायचं आणि मी ढकलायचं, यात कुणाला शंका नव्हती. गाव चर्चसमोर गोळा झालं. मायरननं एनॉकला आणून पायरीवर बसवलं. पण एनॉक काही गाडीत बसेना. पाय दुखतो म्हणाला, गाडीला वास येतो म्हणाला. आणि मी त्याला बस म्हणेना, कारण कोणत्या तोंडानं म्हणू? लोकांना वाटलं मी शब्द फिरवतोय. पाद्रीबाबा येऊन हळूच म्हणाले की पराभव मोठ्या मनानं घ्यावा, होजिया. शेवटी लव्हिनानं गाडीत उशी घातली, मायरनला खूण केली, एनॉकला उचलून त्यात ठेवलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं दांड्या उचलल्या.

लोक पुढे क्रीमरीकडे गेले. झाकलेल्या पुलात आम्ही दोघंच.

"थांब," एनॉक म्हणाला. "आता तू बस."

"आणि ढकलणार कोण? तुझं प्लास्टर?"

"जिंकलेल्यानं बसायचं असतं. मी जिंकलो नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. मी तरी कुठे हरलोय?"

त्यानं टोपी कपाळावर ओढली. "माझ्या गाईपायी तुझं मत बुडालं असं वाटलं मला," तो म्हणाला. "म्हणून तुझं मी देऊन टाकलं."

"आणि तुझं मी."

"गाढवा," एनॉक म्हणाला.

"तू मोठा गाढव. तू दारावर आडवा होऊन आलास."

"पुढच्या खेपेला ज्यानं त्यानं आपापलं बघायचं," तो म्हणाला. "ढकल आता, थंडी वाजतेय."

मी ढकललं. पुलाबाहेर आल्यावर त्यानं लोकांना टोपी काढून असा नमस्कार केला की जणू अख्खी सेहेचाळीस राज्यं त्यानंच जिंकली होती. त्या संध्याकाळी तो चेकर्स खेळताना सारखा बडबडत होता आणि नेहमीसारखा खोटं खेळत होता. मला इतकं बरं वाटलं की मी ते चालू दिलं.

मुलांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार. तुमच्या राज्यानं साथ दिली याबद्दल गावातर्फे आभार.

तुझा, अजूनही रिपब्लिकन,
होजिया

ता. क. हे पत्र वाचून जाळून टाक. लव्हिनाला यातलं अक्षर माहीत नाही. पाकीट चिकटवायला तिच्याकडे देतोय, पण ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

आणखी एक ता. क. वासरू छान आहे. हट्टी आहे. एनॉक म्हणतो तुझ्यावर गेलंय.

वन्सं, लव्हिनाचा नमस्कार. मी दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही हे खरं, पण हे दुसरे नव्हेत. मोजणीला बाद झालं ते मत माझ्याच हातात आलं होतं. दोन जागी फुल्या, त्यातली एक पुसलेली, आणि तिच्यावर आयोडीनचा तपकिरी अंगठा. दोन फुल्यांचं मत धरत नाहीत, तेव्हा ह्यांचं कुणालाच गेलं नाही. एनॉक म्हणून वाचलं ते एक मत माझं. एनॉकचं मिळून दोन निघायला हवी होती, एकच कसं निघालं हे कोडं मला इतके दिवस होतं, ते आज हे पत्र वाचून सुटलं. माझ्या मनात मैत्री नव्हती की एनॉकचं शून्य नव्हतं. रूझवेल्टचं सरकार आमच्या डोंगरावर विजेची तार आणतो म्हणतंय, आणि मी तीस वर्षं चुलीवर इस्त्र्या तापवतेय, एवढंच. ह्यांना यातलं काही कळवू नका. त्या शनिवारपासून हे गोठ्यात शीळ घालताहेत, आणि दोघांनी एकमेकांसाठी केलं ते केलंच ना. फक्त तुमच्याकडची ती जुनी विजेची इस्त्री वसंतात इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवून द्या. वायर लांब असली तर बरं.