काउंटरवरचा चष्मा

दादा,

तुला दादा म्हणायची सवय जात नाही, याचाच राग येतोय.

आमच्या बँकेत एक पद्धत आहे. म्हातारं माणूस कुणाबरोबर पैसे काढायला आलं, की सोबत्याला काहीतरी निमित्ताने बाहेर पाठवायचं आणि त्या माणसाला एकट्याला विचारायचं. आज आईची ठेव मोडायला तू माझ्याच काउंटरवर आलास. बहीण काय विचारणार, असं वाटलं असेल. मी तुला झेरॉक्स काढायला पाठवलं.

"आई, चष्मा कुठाय गं?"

"मी कागद वाचायला लागले, की तुझा दादा काढून ठेवतो."

आमच्या काउंटरला गिऱ्हाइकांसाठी एक चष्मा दोरीने बांधलेला असतो. दोरी आखूड आहे. आईने वाकून तो लावला, सही केलेल्या अर्जावरची रक्कम वाचली आणि पेन खाली ठेवलं. "मला म्हणाला, औषधापुरतेच काढतोय."

तू परत आलास तेव्हा मी खोटं बोलले, की सही जुळत नाही. मग साहेबांना सगळं सांगितलं. ठेव मोडणं त्यांनी थांबवलं. उद्या ज्येष्ठांच्या मदतकेंद्रातल्या बाईंना घेऊन मी घरी येतेय.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर आई बोलली हे तुला कळेल, आणि माझ्याकडे चल म्हटलं तरी ती आज तुझ्याबरोबरच गेली.

जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्याला ओरडू नकोस गं. सकाळपासून उपाशी आहे तो."

अजूनही तुझीच,
धाकटी