बाबांचा डावा पाय

अल-अताया, करकना बेट
१२ सप्टेंबर १९८६

प्रिय दलेंदाताईस,
मोंजीचा सा. सलाम, वि. वि.

तुझं पत्र फेरीबोटीच्या खलाशाने आणून दिलं. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. साखरेमुळे पाय बधिर, काटा कधी रुतला ते त्यांनाही ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, घोट्यापासून पाय काढा म्हणजे माणूस राहील. बाबा म्हणाले की डॉक्टरला समुद्रातलं काय कळतं, खारं पाणी सगळं भरून काढतं. म्हणून रोज सकाळी मी त्यांना गुडघाभर पाण्यात उभं करतो. आजोबांच्या जखमा अशाच तर बऱ्या व्हायच्या.

त्यात मासे धरायच्या शर्फिया रोवायचे दिवस आलेत. आपल्या वाट्याच्या समुद्रात झावळ्यांचं कुंपण मी उभं करीन, पण मासा आत यावा म्हणून ओळ कुठे वळवायची ते बाबांनाच कळतं. एवढी ओळ होऊ दे, मग पाय काय, मुंडकं न्या, असं म्हणतात. मला त्यांचं मन मोडवत नाही. फार थकलोय, ताई.

मुलांना पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, मोंजी

सफाक्स
२० सप्टेंबर

चि. मोंजीस,
अ. उ. आ.

धन्य आहे तुझी. खाऱ्या पाण्यात मासे टिकतात, पाय नाही. आजोबांना साखर नव्हती, हे तुझ्या डोक्यात शिरलं नाही का? शाळेत चाळीस मुलींना गणित शिकवून घरी येते, अंगात त्राण उरत नाही, आणि तुला पुन्हा वजाबाकी शिकवायची. पाय वजा केला तर बाप उरतो. पाय ठेवला तर काही उरत नाही.

लहानपणीही तू असाच होतास, आजारी बकरीला कापू द्यायचा नाहीस आणि मग ती तडफडून मरायची. बाबा नको म्हणाले तर उचलून बोटीत घाल. कागदावर सही मी करते. तुझ्या मऊ काळजाला त्रास नको.

जेवत जा वेळेवर. रागावले तरी तुझीच आहे.
दलेंदा

अल-अताया
६ ऑक्टोबर

प्रिय ताईस,
सा. सलाम, वि. वि.

ओळ रोवून झाली. अकरा दिवस बाबा पाण्यात उभे राहून मला शिव्या घालत होते. झावळी वाकडी, मी वाकडा, माझी सासुरवाडी वाकडी. इतक्या आनंदात मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

परवापासून ताप आहे. काळेपणा घोट्याच्या वर चढलाय आणि ते मला आजोबांच्या नावाने हाका मारतात. तुझं ऐकायला हवं होतं. उद्याच्या बोटीने त्यांना आणतो. सही तू करणार आहेस, तेवढाच आधार वाटतो.

मोंजी

सफाक्स
२७ ऑक्टोबर

चि. मोंजीस,
अ. उ. आ.

तू न बोलता बेटावर परत गेलास, म्हणून लिहिते. परिचारिकेने माझ्यापुढे कागद ठेवला तेव्हा मी तो तीनदा वाचला. पेन हातात होतं. मग बाबांचा तो पाय दिसला. पोहायला शिकवताना ते मला स्वतःच्या पावलांवर उभं करून समुद्रात चालायचे. माझा हात हलेना. तू कागद ओढून घेतलास आणि सही केलीस. महिनाभर तुला शहाणपण शिकवलं आणि ऐन वेळी माझंच पळालं. मला लाज वाटते, मोंजी.

काल ते पुरते शुद्धीवर आले. गुडघ्याखाली पांघरूण चपटं पाहून विचारलं, परवानगी कुणी दिली. मी सांगितलं, मी दिली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते अजून तसंच आहे.

हे असंच राहू दे. त्यांना तुझ्या हातची भाकरी खायची आहे, तुझ्या खांद्यावर भार टाकायचा आहे. माझ्याशी अबोला धरला तर मध्ये समुद्र आहे, मला सोसेल. खरेपणाचा आव आणू नकोस. पुढच्या आठवड्यात त्यांना न्यायला ये.

तुझी, दलेंदा

अल-अताया
९ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
सा. सलाम, वि. वि.

बाबा घरी रुळताहेत. तू सांगितलंस तसा मी गप्प राहिलो. पण मंगळवारी त्यांना दारात उन्हाला बसवलं, तेव्हा ते समुद्राकडे बघत म्हणाले की दलेंदाला जिवंत अष्टपाद हातात धरवत नसे, रडत घरी पळायची. ती पोर बापाचा पाय कापायला सांगेल होय? मग माझ्याकडे बघत राहिले. मला खोटं बोलता आलं नाही.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी नेली की तोंड फिरवतात, मग मी वळल्यावर खातात. काल शेजारणीकडून निरोप दिला, मौलिदच्या सणाला असीदाची खीर होईल, दलेंदाला बोलवा.

तर ये. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. माझ्यावर आहेत आणि ते बरोबर आहे, सही माझीच होती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. फक्त अकरा दिवस आधी करीन की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

लोभ मागत नाही, तो आहेच.
मोंजी