एकदाच वाजलेले दार

मी शिमोन वल्द दादाजी, बाप्तिस्म्यापूर्वीचे नाव मुखरू, वय साठीच्या आसपास, धंदा लाकूड चिरण्याचा, राहणार मौजा कोसमटोला, तहसील सिरोंचा, जिल्हा चांदा, आज नाताळच्या तीन दिवस आधी, भर उजेडी, स्वतःच्या ओट्यावर बसून स्वतःच्या हाताने ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. जंगलात वाघ माणसे धरतो आहे आणि मी दिवाळीपासून घराचे दार काढून ठेवले आहे, त्यामुळे गावात काहींना माझ्या डोक्याविषयी शंका आहे. त्यांनी कागद शेवटपर्यंत ऐकावा, मग बोलावे. मला कोणी दारू पाजलेली नाही, भीती घातलेली नाही, लालूचही दाखवलेली नाही.

मरायची मला घाई नाही. पण दसऱ्यापासून तीन माणसे गेली. दिवस मावळायच्या आत दारे लावा, अशी जंगल खात्याने दवंडी पिटवली. परवा कुंपणाबाहेर माग दिसले. आज सकाळी ते ओट्याच्या पायरीजवळ होते. मी शेजारी हात ठेवून पाहिला, पंजा माझ्या तळव्याहून मोठा भरला. तेव्हा लिहायचे ते आजच लिहितो.

कलम पहिले. दोघांनी ओढायचा मोठा आरा, त्याच्या कानशी आणि लाकूड तासायचा वासला हे माझा जोडीदार जंगू यास द्यावे. वीस वर्षे मी ओंडक्यावर उभा राहून वरून ओढले आणि तो खड्ड्यात उभा राहून खालून. सगळा भुसा त्याच्या डोळ्यांत गेला. रोज कुरकुर केली आणि रोज कामावर आला, असा माणूस मिळत नाही. माझी काळी घोंगडी त्याने नेली ती आणून दिली नाही. ती त्यालाच बक्षीस, पण नेली होती एवढे त्याने एकदा चारचौघांत कबूल करावे.

कलम दुसरे. पुतण्या गुणवंत याला दोन कोंबड्या व अंगणातली बाज मिळावी. धान कापून झाले की तो दरवर्षी माझी तब्येत विचारायला येतो आणि बोलता बोलता पावलांनी घराची लांबी मोजतो. मी पाहिले नाही असे त्याला वाटते. घरावर त्याचा कसलाही हक्क नाही, हे मी स्पष्ट लिहितो.

कलम तिसरे. डाकघरात माझ्या नावे जे निघेल ते मिशनच्या परिचारिका मनकर्णाबाई यांना औषधांच्या पेटीसाठी द्यावे.

कलम चौथे. माझे राहते घर, मागची बाडी व विहीर हे सर्व मंगरू, आलापल्लीच्या लाकूड डेपोत रेड्यांनी ओंडके ओढणारा, यास द्यावे. तो माझ्या नात्याचा नाही, ख्रिस्ती नाही, आणि आम्ही एकत्र बसून कधी जेवलेलो नाही. मग त्याला का, हे गाव विचारणारच. उत्तर मी सात वर्षे कोणाला दिलेले नाही. ते इथे देतो.

आमच्या झाडीपट्टीत दंडार, म्हणजे गाण्याबोलण्याचा खेळ, चालते. गावचीच माणसे सोंगे घेतात, बाईचे सोंगही पुरुषच घेतो. आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा देव बदलला, पण दंडार काही सुटली नाही. म्हणून प्रभूजन्माचीही आम्ही दंडार करतो. योसेफ आणि दिवस भरलेली मरिया बेथलेहेमला येतात, उतारशाळेचे दार ठोठावतात आणि मालक त्यांना हाकलतो. हे तीनदा होते. तिसऱ्या खेपेला तो त्यांना गुरांच्या गोठ्याकडे बोट दाखवतो. मालकाचे सोंग माझे. पोटाला उशी बांधायची, भुवयांना काजळ फासायचे, आणि दर खेपेला नवे काही बोलून हाकलायचे. लोक हसून हसून लोळत. खरे सांगतो, मला त्या हसण्याची चटक होती. वर्षभर मी खाली मान घालून लाकूड चिरत असे आणि त्या एका दिवसासाठी मनात वाक्ये जुळवत असे.

सन १९४९ सालीही असाच वाघ लागला होता. म्हणून खेळ अंगणात न करता प्रार्थनाघरात, दार लावून, दिवे लागायच्या वेळीच उरकायचे ठरले. मरियेचे सोंग जंगूचे. तो आणि योसेफ मागच्या खोलीत तयार होत होते, मागून फिरून त्यांनी समोरचे दार ठोठावायचे होते. मी दाराशी उशी बांधून उभा. दार वाजले. मी दाराची फळी जरा सरकवली.

बाहेर जंगू नव्हता. जंगलाच्या कूपात, म्हणजे तोडीला दिलेल्या पट्ट्यात, लाकूड तोडणारा एक मजूर होता आणि त्याच्या खांद्याला धरून उभी असलेली त्याची बायको. तिचे दिवस भरले होते आणि ओठ पांढरे पडले होते. तो म्हणाला, "भाऊ, दार उघडा ना जी. इथी दाईन आहे म्हनते. बाईले कळा येऊन राह्यल्या."

माझ्यामागे लोक हसायला लागले होते. त्यांना वाटले, खेळ सुरू झाला. इतक्या लवकर ते कधी हसले नव्हते. आणि मी म्हणालो, "जागा नाई! पोट घेऊन आली का टोपली घेऊन आली वं? चाला, पुढं व्हा!" अख्खे प्रार्थनाघर दणाणले. मनकर्णाबाईसुद्धा हसल्या, त्या दारापासून दहा हातांवर बसल्या होत्या. मी फळी लावली.

मला समजले होते. हे वाक्य लिहायला मला सात वर्षे लागली. ती खरी बाई आहे हे मला समजले होते. मी मनात म्हटले, एवढे हसू ओसरू दे, आता परत ठोठावतील, तेव्हा आत घेऊ. आमच्या खेळात ती दोघे तीनदा ठोठावतात. मी अडसरावर हात ठेवून दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत उभा राहिलो. पण त्यांना आमचा खेळ कुठे ठाऊक होता? एकदा नाही म्हटल्यावर ती गेली. थोड्या वेळाने दार वाजले, मी घाईने सताड उघडले, तर लुगडे नेसलेला जंगू. लोक पुन्हा हसले. मी बाहेर धावलो नाही. कोणाला काही बोललो नाही. खेळ शेवटपर्यंत केला, ताऱ्याचे गाणेही म्हटले.

नाल्याच्या अलीकडे त्या मजुराने, म्हणजे याच मंगरूने, बायकोला झाडाखाली बसवले आणि जाळासाठी काटक्या आणायला वीस पावले गेला. तिचे नाव सोमारी. सकाळी आम्हाला तिचे लुगडे सापडले, आणि थोडे पुढे बाकीचे. पोटातले तिच्यासोबतच गेले.

जंगल खात्याचे साहेब चौकशीला आले तेव्हा मी म्हणालो, "मले वाटलं, जंगूच हाय." सगळ्यांनी मान डोलावली, कारण सगळ्यांनाच तसे वाटले होते. मंगरूनेही ते मानले. पुढे एकदा डेपोत तो मला स्वतः म्हणाला, "तुमचा दोष नाई भाऊ, सोंग होतं ते." मी त्याला तंबाखू दिली. त्याने घेतली.

एकटी माझी बायको बुधरी फसली नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "तुमचा हात अडसरावर होता. तुमाले समजलं होतं." त्यानंतर चार वर्षे ती जगली, रोज मला रांधून वाढत राहिली, पण माझ्यासमोर पुन्हा जेवायला बसली नाही.

पाळक दानियल यांना मी एकदा आडून विचारले, त्या उतारशाळेच्या मालकाचे पुढे काय झाले? ते म्हणाले, शास्त्रात त्याचे नावसुद्धा नाही. मग म्हणाले, "पण शिमोनभाऊ, नाताळ म्हणजे काय? ज्याला दारातून हाकलले तो परत गेला नाही. गोठ्यात जन्मला, आणि हाकलणाऱ्यांसाठीच जन्मला. तारण हे दान आहे, ते कमावता येत नाही." मी यावर विश्वास ठेवतो. याच विश्वासात मरणार आहे. पण मंगरूला अंधारात ठेवून मी ते दान घेतले, तर ते चोरल्यासारखे होईल. प्रभूने क्षमा केली तरी ती त्याच्या घरची. मंगरूच्या घरचे मला ठाऊक नाही, आणि ते जाणल्याशिवाय मला मरवत नाही.

दिवाळीनंतर संध्याकाळी दार लावायला गेलो आणि अडसर काही हातात धरवेना. म्हणून मी दार काढले. कोणी आले तर त्याला ठोठावायला लागू नये. जो येईल तो येईल, त्यात दुसरा कोणी आला तर त्यालाही मी हरकत घेणार नाही.

कलम पाचवे. मंगरूने घर नाकारले तर ते विकू नये. वाटसरूंच्या उतरण्यासाठी तसेच उघडे ठेवावे. त्याला पुन्हा दार बसवू नये.

कलम सहावे. माझे शरीर मिळाले तर काढलेल्या सागवानी दारावर ठेवून पुरावे. थोडेच मिळाले तर थोडेच पुरावे. काहीच मिळाले नाही तर रिकामा खड्डा खणून त्यावर गाणी म्हणू नयेत.

कलम सातवे. मालकाचे सोंग पुढे ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे, लोकांना हसवावेही. पण दार वाजले की आधी बाहेर जाऊन नीट पाहावे.

येथवर परवा लिहिले. आज चोवीस तारीख, दुपारची वेळ. पाळक दानियल, मनकर्णाबाई आणि निरोप धाडून बोलावलेला मंगरू असे तिघे माझ्या ओट्यावर बसले आहेत. मी सर्व मोठ्याने वाचून दाखवले. पुढे जे झाले ते सही करण्याआधी लिहून काढतो आहे.

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मंगरू बराच वेळ पायरीजवळच्या मागांकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "दुसऱ्यांदा ठोकलं असतं, तं उघडलं असतं?"

मी म्हणालो, "उघडलं असतं."

"सोमारी म्हने, पुन्हा ठोका. मीच म्हनलो, नको, मोठ्या लोकायचा कार्यक्रम चालू हाय." सात वर्षे तोही काही घेऊन हिंडत होता, हे मला माहीत नव्हते. मी त्याच्या पायांवर डोके ठेवले. त्याने पाय मागे घेतले नाहीत आणि मला उठवलेही नाही.

मग सह्यांची वेळ आली. मनकर्णाबाई पुढे झाल्या, तेव्हा पाळकांनी त्यांना थांबवले. कागदातून ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये, केली तर त्याला दिलेले रद्द होते, असे त्यांनी समजावले. दुसरा साक्षीदार गावातून आणावा लागेल, असे ते म्हणाले.

मंगरू म्हणाला, "म्हंजे जो साक्ष दिल, त्याले घर भेटत नाई?"

पाळक म्हणाले, "नाही भेटत."

"मंग कोनाले बलावू नका. मले घ्या साक्षीले." आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुयं घर मले नाई पायजे. पन तू जे बोलला, ते मी आयकलं. तेवढं लिवा."

ते लिहिले.

मुक्काम कोसमटोला, ता. २४ डिसेंबर १९५६.

लिहून देणार: शिमोन वल्द दादाजी (सही)

आमच्या समक्ष सही केली, व लिहून देणाऱ्याच्या समक्ष आम्ही साक्ष घातली:

१. दानियल, पाळक (सही)

२. मंगरू, सोमारीचा नवरा. डाव्या हाताचा अंगठा.