कोऱ्या जागी नव्याण्णव

३ जून, सकाळी ११
जेवणाच्या टेबलावर हे आपल्या वॉर्डातले केसपेपर वाचत आणि मी टाइप करी, त्याला सहा वर्षं झाली. घरी सोडल्याची तारीख कागदावर नसली की हे नुसतं "पुढे" म्हणत, आणि मी दिवसांच्या रकान्यात ९९ टाकी. आमची दोघांची खूण. लिहून कशाला ठेवायची?
खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उठवून बसवलेले पेशंट अकरा दिवस आधी घरी जातात, हा यांचा शोध. हे गेले, पेपर राहिला. वीस तारखेपर्यंत जर्नलला पाठवायचाच. आकडेमोडीचा प्रोग्रॅम मीच लिहिलेला आहे, म्हणजे काळजी नाही.

५ जून
भाची सॉफ्टवेअरमध्ये. म्हणाली, मावशी, प्रोग्रॅमची एकच प्रत ठेव, प्रत्येक बदल तारखेनिशी नोंदव, कुठल्या आकड्याचा काय अर्थ ते लिही आणि दहा पेशंट हाताने मोजून बघ. एवढ्याशा प्रोग्रॅमचे केवढे लाड. तरी उद्यापासून शिस्त. वही आणली. शाळेत सिस्टर शिकवायच्या तसं कोपरे दुमडून ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. दिवस कारणी लागला.

९ जून
वहीत एकच ओळ लिहिली. जास्त हाताळली तर कव्हर मळेल.
प्रोग्रॅमच्या फाइल चार: 'शेवटची', 'शेवटची नवी', 'हीच शेवटची', 'हीच'. नावांवरूनच सगळं कळतं.

१३ जून
दहापैकी दोन पेशंट मोजले. बरोबर आले. उरलेले आठ मोजणं म्हणजे यांच्यावर संशय घेणं.

१७ जून, दुपारी ४
भाची आली. आकडे बघता बघता हसायला लागली. "मावशी, एकोणीस जण बरोबर नव्याण्णव दिवसच राहिले? वॉर्ड होता की माहेर?"
९९ वगळायची ओळ मी लिहिली होती. 'शेवटची नवी'मध्ये. निकाल काढला होता 'हीच'मधून. तारीख नसलेले कागद बहुतेक उशिरा उठवलेल्यांचेच होते, म्हणून त्यांचे दिवस फुगले होते. भाचीने ती ओळ घालून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. अकरा दिवसांचा फरक अर्ध्या दिवसावर आला. मग ती हसली नाही.
यांचा स्वतःचा खुबा मोडला तेव्हा हे दुसऱ्या दिवशी दात आवळून उठून बसले होते. अकरा दिवस वाचले, म्हणाले.
चहा गार झाला होता. प्यायले.

२० जून
जर्नलला अर्ध्या दिवसाचाच पेपर. सोबत चारही फाइल, तारखा घालून.
केसपेपरचे गठ्ठे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला.
वॉर्डातल्या नर्सबाई अजून सगळ्यांना दुसऱ्या दिवशी उठवतात. त्यांना मी स्वतः जाऊन सांगायचं.
यांचा चष्मा माझ्याकडे.
वही भाचीला. पहिल्या पानावर त्या एका ओळीखाली लिहिलंय, ९९ म्हणजे माहीत नाही. बाकी सगळी कोरी आहे, तिच्या उपयोगी पडेल.