क्लाउडची खंडेनवमी

पिंपळे गुरव,
दिवाळी संपली, चकल्या उरल्या, तो आठवडा

ती. उद्धवमामा यांस,

ज्ञानेशचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळं नमस्कार अर्ध्यातच अडकला, उरलेला आपण मानून घ्यावा). आपली तब्येत कशी आहे? गुडघ्याला लावायला पाठवलेलं तेल पोचलं का, आणि मामींनी त्यात भजी तर तळली नाहीत ना? बाटलीवर तिळाच्या झाडाचं चित्र आहे म्हणून विचारतो. म्हैस व्याली असेल तर कळवावं. आमच्याकडं सगळे खुशाल. सूनबाई विजयश्री आपली आठवण काढते, पोरं आपल्या मिशीची नक्कल करतात आणि मार खातात. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन केला की आपण “बिल वाढतंय, मुद्द्याचं बोल” म्हणता. आता बोलण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत हे मी किती वर्षं सांगतोय, पण तेवढं सांगून होण्याआधीच आपण फोन ठेवता. आणि मुद्द्याचं बोलणं मला जमत नाही हे आपण माझ्या मुंजीच्या वयापासून जाणता.

तर आमची चाकणची कंपनी. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करणारी. मी तिथं मेंटेनन्सला सुपरवायझर आहे, म्हणजे काही बंद पडलं की लोक मला शिव्या देतात आणि सगळं सुरळीत चाललं की मला ओळखत नाहीत. आमचे मालक मारुतराव साहेब देवमाणूस, पण खिशात घातलेला हात बाहेर काढायला त्यांना मुहूर्त लागतो. या उन्हाळ्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद पुढं सरकवला. क्लाउडचं बिल! मी म्हटलं, साहेब, मी नटबोल्टचा माणूस, मला यातलं काय कळतं. तर म्हणाले, कंप्रेसरच्या पाइपला साबणाचं पाणी लावून हवेची गळती कोणी शोधली? तू. मग ही पण शोध, गळती ती गळतीच. (मामा, चांगलं काम कधी करू नये. केलं तर दिसेल असं तर मुळीच करू नये.)

क्लाउड म्हणजे काय हे मला आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या धम्मपालनं समजावलं. पोरगा दापोडीचा, हुशार, आणि तीनदा विचारलं तरी चिडत नाही. लग्नात आपण आचाऱ्याची भांडी भाड्यानं आणतो ना, तसं. मोठमोठे कॉम्प्युटर दुसऱ्याच्या इमारतीत असतात, आपण ते तासाच्या भाड्यानं घेतो. पातेल्यात काही शिजो न शिजो, परत करेपर्यंत भाडं चालू. आमच्या कंपनीनं इतकी वर्षं पातेली आणली होती, परत एकही केलं नव्हतं, आणि कुठलं पातेलं कोणी आणलं हेही कोणाला आठवत नव्हतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण साहेबांनी पुढचं वाक्य टाकलं आणि माझी झोप उडाली. म्हणाले, दिवाळीनंतरच्या बिलापर्यंत हा खर्च निम्मा झाला नाही, तर बुधवारची जिलेबी बंद.

आता आपल्याला बुधवारची जिलेबी सांगायला हवी. इकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून बुधवारी दुपारी आमच्या कँटीनमध्ये जेवणाबरोबर गरम जिलेबी असते. कस्तुराताई काढतात. मामा, त्या जिलेबीसाठी माणसं मंगळवारी आजारी पडत नाहीत. वेल्डिंगचा एक जण जास्त पगाराची नोकरी सोडून परत आला आणि कारण विचारलं तर लाजला. अशी जिलेबी माझ्या एकट्याच्या गळ्यात बांधली! बातमी दुपारच्या आत प्लांटभर झाली. गेटवरचा सोनबा माझा रामराम घेईना. प्रेसशॉपची पोरं रस्ता अडवून विचारायला लागली, “भावा, जिलबी राहतीय ना?” त्यात काळजी होती की धमकी हे मला अजून कळलेलं नाही.

मी कामाला लागलो. आधी जागोजागी पाट्या लावल्या, ‘गरज नसताना क्लाउड बंद ठेवा’. त्याचा परिणाम असा झाला की लोकांनी ट्यूबलाइटी बंद केल्या आणि स्टोअरमधला एक जण अंधारात मांडणीला धडकला. मग खात्याखात्यात जाऊन विचारलं, यातलं तुमचं कुठलं, नको असलेलं कुठलं? सगळ्यांचं एकच उत्तर, “असू द्या, लागेल कधीतरी.” (आपल्याकडं माळ्यावरचा फुटका पाळणा का निघत नाही, ते मला त्या दिवशी समजलं.) मग साहेबांनी हिंजवडीहून एक सल्लागार बोलावला. त्यानं भिंतीवर रंगीत चित्रं दाखवून सांगितलं की वापर नसेल तेव्हा बंद करा. हेच विजयश्री मला बाथरूमच्या दिव्याबद्दल रोज फुकट सांगते, पण तिनं टाय लावलेला नसतो. सल्लागार म्हणाला, शनिवार-रविवारी सगळं आपोआप बंद होईल असं लावून टाका, केवढी बचत होते बघा. टायचा दरारा असा, की मी लगेच धम्मपालला तसं लावायला सांगितलं. तो “पण भाऊ, आपली सुट्टी...” एवढं म्हणाला होता. मी त्याला गप्प केलं.

शनिवारी सकाळी आमचा माल बाहेर सोडणारं यंत्र झोपी गेलं. पावती छापेना, ट्रक हलेना, गेटपासून रस्त्यापर्यंत रांग. तीही दोन तास कोणाच्या लक्षात आली नाही, कारण चाकणच्या चौकात गाड्या एरवीही तशाच उभ्या असतात. शेवटी डिस्पॅचची वर्षाली फणफणत आली आणि चारचौघांत मला म्हणाली, “ज्ञानेशभाऊ, शनिवार तुमच्या घरी पाळा!” सल्लागाराचा रविवार रविवारी येतो आणि आमचा गुरुवारी, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. पण त्याला चहा मिळाला होता आणि मला शिव्या मिळाल्या. त्यानंतर कुठल्याही यंत्राला हात लावायची माझी छाती होईना. त्यातही एक यंत्र सगळ्यात मोठं, सगळ्यात महाग, आणि नाव काय तर ‘मेन’. धम्मपाल येण्याच्या आधीपासूनचं. ते काय करतं ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण नावच ‘मेन’ म्हटल्यावर बंद कोण करणार? उद्या सगळ्या बिजागऱ्या एकदम गळून पडल्या तर!

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं सगळी यंत्रं बंद करून, पुसून, हळदकुंकू आणि झेंडूचे हार घालून पूजा होते. साहेबांच्या वडिलांपासूनचा नेम असा, की चालत्या यंत्राची पूजा करायची नाही, आणि पूजेनंतर ज्यानं त्यानं प्रसाद घेऊन आपलं यंत्र आपल्या हातानं चालू करायचं. दुसऱ्यानं केलेलं चालत नाही. लेथला, प्रेसला, फोर्कलिफ्टला हार पडले, आणि साहेब एकाएकी थांबून म्हणाले, ज्याला एवढं भाडं देतो त्या क्लाउडला हळदकुंकू नको का? आणा त्याला!

क्लाउड कुठून आणणार? धम्मपालचा लॅपटॉप चौरंगावर ठेवला. धम्मपाल म्हणाला, “साहेब, पूजेतलं मला काही कळत नाही, पण बंद करायचं म्हणत असाल तर ते मी फार आनंदानं करतो,” आणि खरंच, लग्नाला बसल्यासारखा चेहरा करून त्यानं एकूण एक भाड्याची यंत्रं बंद केली. ‘मेन’सकट. मी डोळे मिटून घेतले. गुरुजींनी संकल्पासाठी यंत्रांचा पत्ता विचारला, तर मुंबईत कुठंतरी एवढंच सांगता आलं. त्यांनी दिशा पाहून पश्चिमेकडं अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या लॅपटॉपच्या बटणांत गेल्या. अजून काही बटणं दाबली की आत तांदूळ वाजतो.

आणि मामा, इथं माझी अक्कल चालली, आयुष्यात क्वचित चालते म्हणून मुद्दाम लिहितो. नेम म्हणजे नेम! मी जाहीर केलं, ज्याचं यंत्र असेल त्यानं यावं, पेढा घ्यावा, आपल्या हातानं चालू करावं. वर्षाली तर आरती संपायच्या आत आली, पेढा एका हातात आणि दुसरा बटणावर. पगारवाले आले, खरेदीवाले आले, आणखी चारदोन आले. आणि मग कोणीच येईना! पेढ्याचं ताट भरलेलं आणि यंत्रं बंद. ‘असू द्या, लागेल’ म्हणणारे सगळे पेढा पाहूनही हलले नाहीत. कोरोनात गेटवर ताप मोजायचे, त्याचे आकडे साठवणारं यंत्र पूजेपर्यंत चालू होतं, कोणाचा ताप साठवत होतं देव जाणे. साहेबांच्या पुतण्यानं एक वेबसाइट करायला घेतली होती, तो कॅनडाला जाऊन तिथं बाप झाला तरी तिचं भाडं इथं चालू होतं. ‘मेन’साठीही कोणी फिरकलं नाही. मी महिनाभर रोज सकाळी आधी बिजागऱ्या हलवून बघायचो. सगळं ठणठणीत.

साहेब दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलीकडं दुबईला गेले होते, ते दिवाळी करून परतले. त्याच आठवड्यातल्या बुधवारी बिल आलं. निम्म्याच्याही खाली! साहेबांनी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, जिलेबी कायम. पोरांनी मला उचललं (कंबर तेव्हाच धरली), सोनबानं गेटवरून रामराम ठोकला, आणि खरं सांगतो मामा, माझे डोळे भरून आले. बारावी पास झालो तेव्हाही घरात एवढा जल्लोष झाला नव्हता.

साहेब खुशीत केबिनमध्ये गेले आणि पाचच मिनिटांत लालबुंद होऊन परत आले. त्यांच्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं! मग हळूहळू उलगडलं. साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात गुपचूप एक योजना घेतली होती. कँटीनच्या कॅमेऱ्यातून चेहरे ओळखायचे आणि कोणी किती जिलेब्या उचलल्या ते मोजायचं. त्यांना वाटायचं मोजणी कॅमेऱ्यातच होते. ती होत होती ‘मेन’वर. जिलेबी आठवड्यातून अर्धा तास, आणि ते महागडं यंत्र दिवसरात्र, गुरुवारसुद्धा, रिकाम्या टेबलाकडं बघत भाडं खात बसलेलं. धम्मपालनं हे सगळं लॅपटॉपवरून वाचून दाखवलं. कस्तुराताई हातात झारा घेऊन पुढं आल्या. “अवो सायेब, माज्या जिलब्या मोजाया जिलब्यांपरीस जादा पैसं जात हुतं व्हय?”

कोणी हसायची हिंमत करेना. मी पूजेच्या ताटातला उरलेला पेढा (महिन्यात त्याचा दगड झाला होता) साहेबांपुढं धरला आणि म्हटलं, साहेब, नेम आपल्या वडिलांचा आहे. प्रसाद घ्या आणि आपल्या हातानं चालू करा. साहेब पेढा घेऊन उभे. सगळा प्लांट त्यांच्या बोटाकडं बघतोय. एवढ्यात धम्मपालनं भोळेपणानं विचारलं, “आधी शेवटची यादी उघडू का? सगळ्यात जास्त जिलेब्या कोणाच्या ते येतंय.” विचारता विचारता त्यानं ती उघडलीही होती, आणि पडद्यावरचं पहिलं नाव ‘मा’नं सुरू होत होतं एवढं मी पाहिलं. साहेबांनी तो पेढा तसाच तोंडात टाकला, कडाकड चावला आणि म्हणाले, राहू दे, आराम करू दे बिचाऱ्याला. मग स्वतः ताट घेऊन रांगेत उभे राहिले.

असं आहे सगळं. आपल्या आशीर्वादानं भाच्याचं नाव झालं. मामींना नमस्कार, म्हशीला गोंजारणं.

आपला,
ज्ञानेश

ता. क. – वरचं सगळं खरं असलं तरी तो मागचा बुधवार झाला. काल दुसरा बुधवार होता. आजवर कँटीनमधल्या कॅमेऱ्याला बिचकून सगळे हात आखडायचे; त्यामागं आता कोणी बघत नाही हे कळल्यावर पहिल्या पंगतीनं जिलेब्या मुठीनं उचलल्या, डब्यात भरल्या, एकानं हेल्मेटमध्ये नेल्या. मी दुसऱ्या पंगतीला पोचलो तर परातीत नुसता पाक. जिलेबी वाचवणाऱ्याला जिलेबी नाही! साहेब म्हणाले, पुढच्या बुधवारी असंच झालं तर कायमची बंद, आणि सोनबानं पुन्हा रामराम थांबवलाय. म्हणून खरं काम आता लिहितो. आपल्या घराण्यात कुठलंही लग्न असो, कोठीच्या दारात खुर्ची टाकून आपणच बसता. ताईच्या लग्नात वरपक्षाचे काका चौथा लाडू मागायला आले, आपण नुसतं पाहिलंत, आणि ते पाणी पिऊन परत गेले. तर मामा, मंगळवारच्या गाडीनं निघून यावं. राहणं आमच्याकडं, जेवण कंपनीत. काम एकच, परातीशेजारी बसून बघणं. माझ्याकडं मात्र त्या नजरेनं बघू नये.

आणखी एक ता. क. – साहेबांना बेत पसंत आहे. त्यांनी एकच शंका काढली, की जिलेबी आठवड्यातून अर्धा तास, मग बाकीचा वेळ मामा चालू ठेवायचा खर्च कोणी सोसायचा? मी सांगून टाकलंय, काळजी नको, आमचे मामा जेवले की आपोआप बंद होतात.